बास्करव्हिलांचा कुत्रा आणि एक जुना बूट

आर्थर कॉनन डॉयलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' मी पहिल्यांदा वाचली ती शाळेत असताना, मराठी अनुवादातून. त्या वयात डोक्यात राहिला तो कुत्रा : तोंडातून आग ओकणारा, धुक्यातून झेप घेणारा. पुढे मूळ इंग्रजीतून कितीदा तरी वाचली, आणि आता मला तिच्यातली सगळ्यांत थोर जागा वाटते ती एका जुन्या बुटाची.

डिसेंबर १८९३मध्ये डॉयलने शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात संपवलं होतं. नंतर बर्ट्राम फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकार मित्राकडून त्याच्या कानावर डेव्हन परगण्यातली भुताटकीच्या कुत्र्याची दंतकथा आली. १९०१मध्ये दोघं डार्टमूरच्या माळावर प्रिन्सटाउनला जाऊन राहिले. तिथला तुरुंग, दलदल, आदिमानवांच्या दगडी झोपड्या, सगळं कादंबरीत उतरलं. ऑगस्ट १९०१पासून एप्रिल १९०२पर्यंत 'स्ट्रँड' मासिकात ती क्रमशः आली, सिडनी पॅजेटच्या चित्रांसह. होम्सला जिवंत करायची तयारी अजून नव्हती, म्हणून ही हकिगत त्याच्या मृत्यूआधीची ठरवली.

आता त्या बुटाकडे येतो. बास्करव्हिल घराण्याचा वारसदार सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरतो. पॉलिशसाठी दाराबाहेर ठेवलेल्या कोऱ्या तपकिरी बुटांपैकी एक नाहीसा होतो. मग जुन्या काळ्या जोडातला एक जातो आणि नवा मात्र खोलीतच सापडतो. वाचताना ही हॉटेलातली गंमत वाटते. होम्स मात्र तिथेच थबकतो. कोऱ्या बुटाला माणसाचा वास नसतो, म्हणून चोराला तो निरुपयोगी. वास कुणाला हवा? खऱ्याखुऱ्या कुत्र्याला. शापित घराणं, दीडेकशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित, प्रेताजवळ उमटलेले प्रचंड पंजे, एवढा सगळा डोलारा एका चामड्याच्या बुटाने खाली येतो. भूत वासावर माग काढत नाही. हे वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवलेलं असतं आणि तरी ते आपल्याला दिसत नाही.

भीती टिकते ती होम्स नसल्यामुळे. पंधरा प्रकरणांपैकी मधली बरीचशी वॉटसन एकटाच निभावतो. त्याची पत्रं, त्याची रोजनिशी. रात्री जिन्यावरची पावलं, खिडकीशी मेणबत्ती धरून उभा बटलर, माळावरच्या कड्यावर चंद्रासमोर उभी एक आकृती. वॉटसन भित्रा नाही, पण त्याला उत्तर ठाऊक नसतं, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. डॉयलच्या चारही होम्स-कादंबऱ्यांत ही मला सर्वांत बांधीव वाटते.

शेवट मात्र थोडा लंगडा आहे. गुन्हेगार वारसाहक्क कसा सांगणार होता, याला होम्सकडेही पक्कं उत्तर नाही. तो नुसत्या शक्यता मांडतो. गुन्हेगाराचं नाव इथे लिहीत नाही, कारण कुणाला तरी ही कादंबरी अजून वाचायची असेल.

पडद्यावर ती पुष्कळदा आली. १९३९मध्ये बॅसिल रॅथबोन, १९५९मध्ये पीटर कुशिंग. आपल्याकडे १९६२च्या 'बीस साल बाद'मध्ये तिचा धागा घेतला. तिथे कुत्र्याऐवजी रात्री गाणारी बाई आहे, आणि हेमंतकुमारांच्या चालीतलं लताबाईंचं ते गाणं अंगावर काटा आणतं. पण वॉटसनला खरा न्याय मिळाला तो जेरेमी ब्रेटच्या १९८८च्या दूरचित्रपटात. त्यातला एडवर्ड हार्डविकचा वॉटसन शहाणा आणि भरवशाचा आहे. डॉयलने तो तसाच लिहिला होता.