विद्युत अभियांत्रिकी : वायरमनच्या पलीकडे

विद्युत अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. वीज तयार करणे, ती दूरवर नेणे, वाटणे, तिचे रूप बदलणे आणि या सगळ्यावर नियंत्रण ठेवणे हा त्याचा विषय. तो शिकायला नागपूरइतकी सोयीची शहरे देशात थोडीच असतील. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रे, मौद्याला एनटीपीसीचा प्रकल्प, अजनीला रेल्वेचे विद्युत लोको शेड, बुटीबोरीत पारेषण मनोऱ्यांचा कारखाना, गोपाळनगरात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था. एवढे सगळे उशाशी असूनही बारावीच्या निकालानंतर या शाखेबद्दल घरोघरी जे सल्ले दिले जातात, त्यांतले बरेच चुकीचे असतात.

सगळ्यांत जुना समज असा, की इलेक्ट्रिकल इंजिनीअर म्हणजे शिकलेला वायरमन. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सुटीत घरी आला की आत्या त्याला बंद पडलेला पंखा दाखवते आणि त्याला तो दुरुस्त करता आला नाही तर कॉलेजच्या फीबद्दल बोलते. वायरिंग, जोडणी, दुरुस्ती हे आयटीआयमधल्या वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांचे काम आहे. त्याचे प्रशिक्षण वेगळे आणि परवानाही वेगळा. प्रत्यक्ष वायरिंगची कामे करायला राज्याच्या परवाना मंडळाची मान्यता लागते. अभियांत्रिकीची पदवी हातात पडली म्हणून ती आपोआप मिळत नाही. एक-फेज मोटर स्वतःहून का सुरू होत नाही आणि कपॅसिटर लावल्यावर का होते, याचे गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षात येते. कोणत्या पंख्याला कोणता कपॅसिटर बसतो हे वीजतंत्री न बघता सांगतो. दोन्ही ज्ञाने खरी आहेत, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

दुसरा सल्ला जास्त महागात पडतो : ‘गणित जमत नसेल तर कॉम्प्युटरऐवजी इलेक्ट्रिकल घे, तिथे हाताचे काम असते.’ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अभियांत्रिकीच्या जुन्या शाखांपैकी सर्वांत जास्त गणित याच शाखेत असावे. कारण साधे आहे. स्थापत्यात तुळई दिसते, यंत्रशास्त्रात दाते दिसतात. वीज दिसत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावरच पाहावे लागते. घरातली २३० व्होल्टची वीज सतत २३० नसतेच. ती सेकंदाला पन्नास वेळा अधिक ३२५ ते उणे ३२५ असे हेलकावे घेते. २३० हा तिचा एक प्रकारचा सरासरी प्रभाव. वीजप्रवाहाचा हेलकावा दाबाच्या थोडा मागे पडतो किंवा पुढे जातो. या मागे-पुढेपणाचा हिशेब चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत मांडलेल्या पद्धतीने, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळावर उभ्या असलेल्या संमिश्र संख्यांनी, आजही केला जातो. गणिताच्या पुस्तकात त्या वर्गमुळाला ‘आय’ म्हणतात. विद्युत शाखेत ‘आय’ हे अक्षर प्रवाहासाठी आधीच राखलेले, म्हणून तिथे ‘जे’. बारावीत ‘याचा उपयोग काय’ असे विचारत सोडून दिलेले प्रकरण इथे रोजच्या भाषेसारखे वापरले जाते. पुढे फूरिये, लाप्लास, मॅट्रिक्स हे सगळे क्रमाने येतेच.

या गणिताचा रोकडा उपयोग बाजारात दिसतो. प्लगमध्ये खोचली की वीजबिल कमी करणारी डबी जत्रांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे विकली जाते. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. मोटरची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र उभे करायला ऊर्जा घेते आणि ती सेकंदाला शंभर वेळा परतही करते. ही ये-जा तारा तापवते, पण तिच्यातून काम होत नाही. कपॅसिटर ती ये-जा जागच्या जागी भागवतो, एवढे खरे. पण घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जाच, म्हणजे किलोवॉट-तासच, मोजतो. त्यामुळे डबीने बिलात फरक पडत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या उच्चदाब ग्राहकांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून त्यांची आकारणी केव्हीए-तासांवर होते, म्हणजे ही ये-जाही मोजली जाते आणि तिथे कपॅसिटरचा खर्च भरून निघतो. हा फरक ज्याला समजला त्याचा दुसऱ्या वर्षाचा निम्मा अभ्यास झाला.

प्रयोगशाळेबद्दलही एक गोड समज आहे : तिथे खेळण्यातल्या बॅटऱ्या आणि छोटे दिवे असतात. ते पहिल्या वर्षापुरते. मशीन लॅबमध्ये खऱ्या मोटरी असतात. २२० व्होल्टच्या डीसी मोटरच्या आर्मेचरचा रोध अर्धा ओहम असेल आणि ती स्टार्टरशिवाय सरळ जोडली, तर पहिल्या क्षणी ४४० अँपिअर प्रवाह धावेल. मोटर फिरू लागली की ती स्वतःच विरुद्ध दाब निर्माण करते आणि प्रवाह आटोक्यात येतो. तोवर स्टार्टरमधले रोध सांभाळून घेतात. चालत्या शंट मोटरची फील्ड-वायर चुकून निसटली तर वेग बेफाम वाढतो. म्हणून या प्रयोगशाळेत जोडणी तपासून घेतल्याशिवाय स्विच टाकायचा नाही हा नियम कडक असतो आणि सैल कपड्यांवरून बोलणी बसतात.

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची गल्लतही नेहमीची. ढोबळ भेद असा : पहिली शाखा ऊर्जेचा विचार करते, दुसरी संदेशाचा. पण भिंत पक्की नाही. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत तर विद्युत विभागाच्या बी.टेक. पदवीचे नावच ‘इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’ आहे. दोन्ही विषय एकत्र कसे नांदतात हे पाहायचे तर अजनीच्या शेडमधले डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे इंजिन पाहावे. वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची एक-फेज एसी येते. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, कन्व्हर्टर तिची डीसी करतो, इन्व्हर्टर त्या डीसीची पुन्हा तीन-फेज एसी बनवतो आणि तीही हव्या त्या फ्रिक्वेन्सीची. मग टेस्लाच्या काळापासून चालत आलेल्या इंडक्शन मोटरी सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीने गाडी ओढतात. उतारावर त्याच मोटरी जनित्र होऊन वीज तारेत परत पाठवतात.

एसी-डीसीची लढाई एकोणिसाव्या शतकातच संपली आणि डीसी कायमची हरली, असे शालेय पुस्तकातून मनात बसलेले असते. विदर्भातच त्याचा चोख प्रतिवाद उभा आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब डीसी वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. क्षमता १५०० मेगावॉट. लांबच्या पल्ल्यात डीसीला तारा कमी लागतात आणि ती वर सांगितलेली निष्फळ ये-जा होतच नाही. दोन्ही टोकांची रूपांतर केंद्रे मात्र महाग, म्हणून जवळच्या अंतराला ती परवडत नाही.

त्याहून नवलाची गोष्ट विदर्भातल्याच भद्रावतीची. तिथल्या केंद्रात एसीची डीसी होते आणि त्याच आवारात ती पुन्हा एसी होते. मधे वाहिनीच नाही. वरवर पाहता हा उपद्व्याप वाटेल. पण त्या काळी पश्चिम आणि दक्षिण भारताच्या विद्युत जाळ्या वेगळ्या होत्या. दोन्ही पन्नास हर्ट्‌झच्याच, पण पाऊल जुळलेले नव्हते, आणि पाऊल न जुळलेल्या दोन जाळ्या एसीने जोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. डीसीला पाऊलच नसते, म्हणून मधे डीसीची पायरी घातली आणि १००० मेगावॉटपर्यंतची देवघेव शक्य झाली. सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेची जाळी उरलेल्या देशाशी एकतालात आली, ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी.

‘कोराडीची वीज मुंबईला जाते’ ही तक्रार नागपुरात चहाच्या टपरीपासून सभेच्या व्यासपीठापर्यंत ऐकू येते. भौतिकशास्त्राच्या नजरेने तिला अर्थ नाही. जाळीत शिरलेल्या विजेवर गावाचे नाव नसते. प्रवाह ज्या वाटेला अडथळा कमी त्या वाटेने विभागून जातो, करारातल्या पत्त्याने नव्हे. कोणी किती ओतली आणि कोणी किती काढली याचा हिशेब वेगळा ठेवला जातो. राज्याच्या भारप्रेषण यंत्रणेचे एक केंद्र तर नागपुरातच, अंबाझरीला आहे. हा ‘पॉवर सिस्टिम्स’ या विषयाचा गाभा. मात्र तक्रारीचा दुसरा भाग पोकळ नाही. वीज तारेतून जाते, राख जात नाही. ती कोराडी-खापरखेड्याच्या परिसरातच राहते.

सौर ऊर्जा आली, आता या शाखेत काय उरले, असाही प्रश्न विचारला जातो. उरले असे की काम अवघड झाले. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचाची टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेते आणि तिच्या अवजड फिरत्या वस्तुमानात साठलेली ऊर्जा जाळीवर अचानक आलेला भार पहिल्या काही क्षणांत पेलते. सौर पटलात फिरते असे काहीच नाही. देशाच्या ग्रिड संहितेत फ्रिक्वेन्सीसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ एवढाच पट्टा आखलेला आहे. फिरती यंत्रे कमी होत गेली की तो पट्टा इन्व्हर्टरच्या प्रोग्रामने सांभाळावा लागणार, आणि हे जगभरात अजून चालू असलेले संशोधन आहे. जाळी सावरता आली नाही तर काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, पश्चिमेची जाळी वाचली.

मुलींनी ही शाखा घेऊ नये, हा समज शिल्लक असेल तर तो ऐंशी वर्षांहून अधिक जुना झाला आहे. ए. ललिता मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ मध्ये विद्युत अभियंता झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलेले, पदरी तान्ही मुलगी. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत आराखड्यावर त्यांनी काम केले.

नोकरीचे म्हणाल, तर ‘एमएसईबीत लागेल’ हे वाक्य जून २००५ पासून कालबाह्य आहे. त्या मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या. जाहिराती वेगळ्या, परीक्षाही वेगळ्या. एनटीपीसी आणि पॉवरग्रिडसारख्या केंद्रीय कंपन्या निवडीसाठी गेटचे गुण पाहतात. ती परीक्षा शंभर गुणांची. त्यांतले तेरा निव्वळ गणिताचे. कॅम्पसमधून सॉफ्टवेअरकडे वळणारेही पुष्कळ असतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

प्रवेशाच्या वेळचे घोळ वेगळेच. व्हीएनआयटी हे नागपूर विद्यापीठाचे महाविद्यालय आहे असे मागच्या पिढीला वाटते, कारण १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे अनेक वर्षे होतीही. २००२ पासून ती राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था असून स्वतःची पदवी देते. तिथला प्रवेश जेईई मेनवर होतो, एमएचटी-सीईटीवर नाही. सीईटीचे गुण राज्याच्या प्रक्रियेतल्या महाविद्यालयांसाठी. पदविका झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तोही राज्याच्या प्रक्रियेतूनच. आणि व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी राखीव असल्या, तरी ‘महाराष्ट्राचा विद्यार्थी’ कोण हे जन्मगाव, आधार कार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र ठरवत नाही; बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाली, ते ठरवते. धरमपेठेत वाढलेल्या मुलाने कोट्याच्या शाळेतून बारावी केली, तर त्या निम्म्या जागांसाठी तो राजस्थानचा असतो.