सारखी रीत, वेगळी सोयरीक

बंगळूरच्या कानडी घरात आत्या आणि सासू या दोघींनाही ‘अत्ते’ म्हणतात. मामा आणि सासरा दोघेही ‘माव’. तमिळ घरातील रीत अशीच. मराठी सून सासऱ्याला ‘मामंजी’ व सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आली, ती याच चालीची खूण होय. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा या तिन्ही समाजांतील अनेक जातींत आढळते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नात्यांच्या या रचनेचे विस्ताराने विवेचन केले.

तथापि १९९१ च्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून याच नगरीत तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले आणि अनेक कुटुंबे घरदार सोडून गेली. तंटा पाण्याचा व राजकारणाचा होता, नात्यांचा नव्हे. परंतु त्याला आवर घालण्यास नाती अपुरी पडली. रीत सारखी असली, तरी सोयरीक ज्याच्या त्याच्या जातीतच होते. त्याच घराण्यांत पुनःपुन्हा मुली दिल्याघेतल्याने आतली वीण घट्ट होते, पण पलीकडच्या वस्तीत व्याही उरत नाही. मग हात धरणार कोण?

माणसाच्या निष्ठा अनेक गटांत वाटल्या गेल्या म्हणजे कलहाला आळा बसतो, असे मॅक्स ग्लकमन यांनी आफ्रिकी समाजांच्या अभ्यासातून १९५५ मध्ये दाखविले. जेथे सोयरीक नाही, तेथे दुसरे धागे जपावे लागतात. बंगळूरच्या करग उत्सवात तिगळ समाजाची मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी थांबते. हा धागा अशांपैकीच एक आहे.