खिशातले राक्षस

सन २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला महापूर आला आणि बडोदे शहराचे मोठमोठे भाग पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर, गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी, आम्ही कारेलीबागेत आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी पोहोचलो. गल्लीभर ओल्या गाद्या, फुगलेली कपाटे आणि चिखलाने बरबटलेल्या सामानाचे ढीग पडले होते. ताईच्या लग्नातील छायाचित्रांवरची माणसे पुसून गेली होती. मेहुण्यांची पदवीची सनद उचलू गेलो, तर तिचा हातातच लगदा झाला. अशा त्या पडझडीत आमचा भाचा, वय वर्षे बत्तीस, एका मुलीचा बाप, मोरीपाशी उकिडवा बसून बादलीतल्या पाण्यात काहीतरी एकेक करून धूत होता. जवळ जाऊन पाहिले, तर बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातल्या प्लॅस्टिकच्या गोल चकत्या. प्रत्येकीवर एकेक चित्रविचित्र प्राणी. कुणाच्या शेपटीला आग, कुणाच्या पाठीवर कांदा, कुणाच्या गालांवर तांबडे ठिपके.

“मामा, हसू नका हं,” तो वर न पाहता म्हणाला. “घरातलं सगळं गेलं, पण यातली एकही गेली नाही.”

आम्हाला हसू आले नाही. बत्तीस वर्षांच्या कर्त्या पुरुषाला सनदेआधी या चकत्या का आठवाव्यात, या प्रश्नाने मात्र परतीच्या प्रवासात आमची पाठ सोडली नाही.

ज्या वाचकांच्या घरी त्या वयाची मुले वाढली, त्यांना या चकत्यांची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये हातात धरून खेळण्याच्या एका छोट्या यंत्रासाठी एक खेळ विक्रीस आला. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, म्हणजे खिशातले राक्षस, हे त्याचे नाव. जगाने त्याचे ‘पोकेमॉन’ केले. रानोमाळ हिंडावे, हरतऱ्हेचे प्राणी पकडावे, त्यांना पाळावे, शिकवावे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवावे, एवढीच त्यातली कथा. आरंभी या प्राण्यांची संख्या १५१ होती. आज ती हजारावर गेली आहे. पुढल्याच वर्षी त्यावर चित्रमालिका निघाली. २००३ साली ती ‘कार्टून नेटवर्क’ वाहिनीवरून हिंदीत बोलू लागली आणि आपल्याकडच्या मुलांनी तिला डोक्यावर घेतले. मूळ खेळाचे यंत्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच आले. आपल्या मुलांच्या हाती आल्या त्या खाऊच्या पाकिटांतून निघणाऱ्या चकत्या, ‘टाझो’. पाकीट फोडायचे, आधी चकती काढायची, मग मन झाले तर खाऊ खायचा, अशी त्या दिवसांची रीत होती.

कारेलीबागेतील त्या सोसायटीत तेव्हा मराठी घरे चार होती. बाकी बहुतेक गुजराती, एक सिंधी, एक तमिळ. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या पेठांतून निघून मराठी कुटुंबे अशा नव्या वसाहतींत पांगली, तेव्हा आपली मुले आपली भाषा विसरतील, ही चिंता वडीलधाऱ्यांना होतीच. मुलांनी तोड आपली आपणच काढली. भाचा सांगतो, चकत्यांचा सौदा गुजरातीत होई, भांडण हिंदीत आणि आईपाशी गाऱ्हाणे मराठीत. एकाकडे चार पिकाचू, पण चार्मँडर एकही नाही. दुसऱ्याकडे नेमके उलटे. मग दुपारच्या उन्हात याच्या ओट्यावरून त्याच्या ओट्यावर फेऱ्या सुरू होत. २००२ च्या दंगलींतली संचारबंदी मुलांच्याही आठवणीत ताजी होती. दारे लवकर लावून घेण्याची सवय लागलेल्या त्या शहरात, अनोळखी घराची कडी वाजवायला एक कारण मुलांना मिळाले होते, आणि ते कारण त्यांच्या खिशात मावत होते.

आमच्या पिढीने या वेडाला नाके मुरडली, हे कबूल केले पाहिजे. पण आम्ही तरी कोण मोठे विरक्त होतो? काडेपेट्यांवरचे छाप गोळा करण्यासाठी आम्ही पानपट्टीसमोरची गटारे धुंडाळली आहेत. एका वाघाच्या छापाला दोन जहाजे, असा तेव्हाचा भाव होता. राक्षसांचे म्हणाल, तर किनारपट्टीवरच्या मुलाला राक्षसाचे आकर्षण कुणी शिकवावे लागत नाही. दशावतारातला संकासुर रंगमंचावर आला की आईच्या पदराआड दडणारी आणि पदराच्या फटीतून त्यालाच पाहणारी मुले आम्हीच होतो. आजही गोव्यातील वाड्यावाड्यांवर दिवाळीआधी पंधरा-पंधरा दिवस मुले जागतात ती नरकासुर उभा करण्यासाठी. चतुर्दशीच्या पहाटे जो जाळायचा, त्याच्या मिशांना रंग देताना मुलांचे हात किती हळुवार होतात, हे ज्याने पाहिले त्याला खिशातल्या राक्षसांचे नवल वाटू नये. भय वाटते त्याला नाव द्यावे, रूप द्यावे, आणि शेवटी त्याच्याशी सलगी करावी, ही बालमनाची जुनीच वाट आहे.

या खेळावर आक्षेप पुष्कळ आले. त्यातला एक तर गुजरातच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ साली याच प्राण्यांना मोबाइलवरून खऱ्या रस्त्यांवर शोधण्याचा नवा खेळ निघाला. त्यात मंदिरांच्या जागी या प्राण्यांची अंडी दिसतात, त्यामुळे हिंदू व जैन भाविकांच्या भावना दुखावतात, अशी जनहित याचिका दाखल झाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. मंदिरात अंडे नको, ही भावना समजण्यासारखी आहे. रस्त्यावर मान खाली घालून चालणारी मुले वाहनाखाली येतील, ही धास्तीही खोटी नव्हती. पाकिटात खेळणे घालून मुलांच्या गळी खाऊ उतरवणाऱ्या व्यापाराविषयीही आम्हाला प्रेम नाही. ज्या पोराने दहा रुपयांसाठी आजोबांच्या कोटाचे खिसे चाचपले, त्याच्या हट्टामागे कुणाचा तरी हिशेब होता.

तथापि या सगळ्या आक्षेपांत मूळ गोष्ट निसटते. हा खेळ रचणारे सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मले आणि तोक्योजवळच्या माचिदा या गावी वाढले. लहानपणी ते भातखाचरांत, तळ्याकाठी, झाडांच्या ढोलीत किडे शोधत. सवंगडी त्यांना किड्यांचा डॉक्टर म्हणत. पाहता पाहता शहर पसरले, तळी बुजली, खाचरांवर इमारती चढल्या. किडे गेले आणि किडे शोधणारी मुले घरात बसली. आपल्याला लाभलेला तो शोधाचा आणि सापडल्याचा आनंद पुढल्या मुलांना द्यावा, या ओढीतून त्यांनी हा खेळ रचला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्यात त्यांनी आणखी एक खुबी ठेवली. खेळाच्या दोन आवृत्त्या एकदमच काढल्या, एक तांबडी आणि एक हिरवी. काही प्राणी फक्त पहिलीत मिळत, काही फक्त दुसरीत. म्हणजे कितीही पैसा आणि कितीही चिकाटी असली, तरी एकट्या मुलाचा संग्रह पुरा होणे शक्य नव्हते. दुसऱ्याकडे जाऊन, आपले यंत्र तारेने त्याच्या यंत्राला जोडून अदलाबदल केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

कारेलीबागेतील मुलांना हे सारे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ओट्यावरच्या त्यांच्या फेऱ्या हुबेहूब तोच नियम पाळत होत्या. आमच्या भाच्याने पुराच्या पाण्यातून वाचवली ती ही गोष्ट, असे आम्हाला वाटते. प्रत्येक चकतीमागे एक दार होते, एक दुपार होती, एक मित्र होता. “ही सिंधी काकूंच्या मुलाची,” तो एकेक पुसताना सांगत होता. “तो आता कॅनडात असतो. ही घ्यायला मी त्याला तीन दिल्या होत्या.”

येथवर सारे गोड आहे. परंतु हरवलेल्या बालपणाचे कढ काढून अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन नाही. २००२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील शंभरावर शाळकरी मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रे दाखविली, एक पोकेमॉनची आणि दुसरी त्यांच्याच देशातील नेहमीच्या प्राण्यांची व झाडांची. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनपैकी सुमारे ८० टक्के बिनचूक ओळखले. खऱ्या जीवसृष्टीतले जेमतेम निम्मेच त्यांना ओळखता आले. मुलांची बुद्धी आणि स्मरणशक्ती मुळीच उणी नव्हती. ती कशाला जोडून द्यायची, हे मोठ्यांनी व्यापाऱ्यांवर सोपवले होते, इतकेच.

आता पुन्हा कारेलीबागेकडे वळू. या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर जी विश्वामित्री वाहते, तिच्यात खरेखुरे राक्षस नांदतात. ऐन शहरातून वाहणाऱ्या या नदीत चारशेहून अधिक मगरी आहेत. दाट लोकवस्ती आणि इतक्या मगरी शेजारी शेजारी राहतात, असे दुसरे शहर सापडणे कठीण. २०२४ च्या त्या पुरात त्या रस्त्यांवर, अंगणांत, घरांच्या पडवीत आल्या. तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडण्यात आल्या. वनखात्याच्या माणसांसोबत रात्री-अपरात्री दोर आणि पिंजरे घेऊन धावणाऱ्या स्वयंसेवकांत विशी-तिशीचे तरुण पुष्कळ होते. लहानपणी चकत्यांवरचे प्राणी पकडण्याचा खेळ खेळलेलीच ही पिढी. आमचा भाचा मात्र त्यांत नव्हता. दीडशे पोकेमॉनची नावे एका दमात सांगणाऱ्या त्या मुलाला विश्वामित्रीतली मगर कुठे अंडी घालते, केव्हा घालते, पुराच्या वेळी काठ सोडून का येते, हे त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारलेही नव्हते. फाटकाशी आलेली मगर पाहून घाबरला एवढेच तो सांगू शकला.

आपल्या पूर्वजांनी हे नाते इतके तुटू दिले नव्हते. दक्षिण गुजरातेतील आदिवासी लाकडात कोरलेल्या मगरीला मोगरा देव म्हणून पुजतात. आपल्याकडे फोंडा तालुक्यातील बोरी-दुर्भाट परिसरात पौष महिन्यात मानगेथापणी होते. खाजनाच्या चिखलाची मगर थापतात, तिची पूजा करतात आणि बांध शाबूत राहो, असे मागणे मागतात. त्या चिखलाला हात लावणाऱ्या मुलाला मगर काय आहे, ती बांधावर का येते, तिच्यापासून कितपत दूर उभे राहावे, हे पुस्तकावाचून कळते. तिला नाव असते, तिथी असते, आणि तिला आपल्या गावात राहण्याचा हक्क असतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीतून पाहुण्यांना मगरी दाखवून पैसे मिळवण्याइतकेच आपले तिच्याशी नाते उरले, तर उद्या कालव्याच्या काठी काय बांधले जाते आणि काय बुजवले जाते, याविषयी आपली मुले अवाक्षर काढणार नाहीत. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी कुणी भांडत नाही.

मग करावे काय? मुलांच्या हातून खेळ काढून घेणे हा उपाय नव्हे. संग्रहाची हौस ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, हे सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. विश्वामित्रीच्याच काठी त्यांनी सयाजीबाग उठवली, प्राणिसंग्रहालय केले, देशोदेशींच्या वस्तूंचे संग्रहालय प्रजेला खुले केले. त्या संग्रहालयात देवमाशाचा एक प्रचंड सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखात वाहत आला होता. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याची मुले त्याच्या फासळ्या मोजत उभी राहिली आहेत. संस्थानच्या राजाला जे सुचले, ते आमच्या शाळांना, ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना का सुचू नये? प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या पन्नास प्राण्या-पक्ष्यांची, माशांची आणि झाडांची चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत. नाव गावच्या बोलीतले लिहावे. एका शाळेकडे खाडी असेल, दुसरीकडे डोंगर. मग होऊ दे अदलाबदल. काणकोणच्या मुलाने शेकरू द्यावी आणि पेडण्याच्या मुलाने कासव घ्यावे. यास पैसा लागत नाही. ज्यांना ती नावे अजून येतात, अशी म्हातारी माणसे लागतात. ती आहेत तोवर हे झाले पाहिजे.

निघताना भाच्याची सात वर्षांची मुलगी आमच्याजवळ आली. बापाच्या डब्यातली एक चकती तिच्या मुठीत होती. दुसऱ्या हातात वहीचा कागद. त्यावर तिने त्या दिवशी फाटकाशी आलेली मगर काढली होती. पाय जरा जास्तच झाले होते, पण डोळे अचूक.

“आजोबा, तुमच्याकडे गोव्याची मगर आहे? असेल तर मी ही देईन.”

आमच्या खिशात तेव्हा काहीच नव्हते. पुढच्या खेपेला आणण्याचे आम्ही कबूल केले आहे.