एक किलोचा अभ्यासक्रम

पुण्यात शिवाजीनगरला असलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीओईपी, 1854 साली सुरू झालं ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी. विश्वेश्वरय्या इथलेच. स्थापत्य, यंत्र, विद्युत, धातुशास्त्र, इन्स्ट्रुमेंटेशन, संगणक अशा शाखा इथे होत्या, एरोस्पेसची नव्हती. तरीही 2008 साली इथल्या मुलांनी उपग्रह करायला घेतला आणि 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 त्याला घेऊन गेलं. त्याचं नाव ‘स्वयम्’. दहा सेंटीमीटर बाजूचा घन, वजन जेमतेम किलोभर.

हा आकार सीओईपीचा नव्हे. कॅलिफोर्नियातले दोन प्राध्यापक, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी 1999 साली ‘क्यूबसॅट’चं माप ठरवलं. ट्विग्ज यांना ते सुचलं, ते दुकानात कापडी खेळणी ठेवायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यावरून. डबा मुद्दाम लहान ठेवला, कारण विद्यार्थ्याने कॉलेजात असतानाच उपग्रह आखावा, बांधावा आणि तपासावा, असा हेतू होता. पुण्यात मात्र त्या डब्याला आठ वर्षं आणि दीडशेहून अधिक विद्यार्थी लागले.

एवढा वेळ का लागला, ते विजेच्या हिशेबापासून पाहावं. घनाच्या एका बाजूला सौरपट्ट्या लावल्या, तर भर उन्हात दोन-अडीच वॅट हाती येतात. पाचशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे 95 मिनिटांची. त्यातली 35 मिनिटं सावलीत, म्हणजे बॅटरीवर. एवढ्यात कॉम्प्युटर, रेडिओ आणि सेन्सर सांभाळायचे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी रेडिओची ताकद वाढवू म्हणाला, की विद्युतवाला विचारतो, वीज कोण देणार? बॅटरी मोठी घेऊ म्हटलं, की यंत्रवाला वजनाचा तक्ता पुढे करतो. वर्गात हे विषय वेगवेगळ्या पेपरांत असतात. इथे ते एकाच डब्यात कोंबलेले, आणि एकाने पाय पसरले की दुसऱ्याचे आखडतात.

‘स्वयम्’ची खरी ओळख त्याच्या दिशा धरण्याच्या पद्धतीत आहे. रॉकेटपासून सुटलेला उपग्रह गडगडत जातो. त्याला आवरायला मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं असतात, वीज देऊन चुंबक होणारी वेटोळी असतात, आणि ती कधी किती चालवायची हे सतत ठरवणारं सॉफ्टवेअर असतं. पुण्याच्या मुलांनी यातलं काही घेतलं नाही. त्यांनी कायमचे चुंबक बसवले. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहते, तसा अख्खा उपग्रहच राहील, वीज शून्य.

पण सुई थांबण्याआधी बराच वेळ डोलत राहते, आणि तिथे निदान हवा थोडा अडथळा करते. अवकाशात डोलणं थांबवायला काहीच नाही. म्हणून चुंबकाशी काटकोनात मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या बसवतात. उपग्रह डोलला की या कांड्यांची चुंबकीय दिशा उलटसुलट होते, प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि डोलणं हळूहळू मरतं. कांड्या कमी पडल्या तर उपग्रह स्थिरावायला फार वेळ घेतो; जास्त झाल्या तर चुंबकाच्या कामात लुडबुड करतात. शिवाय या धातूला कापताना, वाकवताना ताण बसला तर त्याचे चुंबकीय गुण बिघडतात आणि तो पुन्हा तापवून सावकाश थंड करावा लागतो. अवकाश मोहिमेत धातुशास्त्राला काय काम, या प्रश्नाचं उत्तर त्या कांडीत आहे.

या निवडीची किंमतही आहे. उपग्रह उत्तर गोलार्धात जी बाजू जमिनीकडे करतो, तीच दक्षिणेत आकाशाकडे वळते. एखाद्या शहरावर कॅमेरा रोखायचा असता तर हे चाललं नसतं. पण ‘स्वयम्’चं काम होतं एका ठिकाणाहून पाठवलेला संदेश साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवायचा. त्याला अँटेना साधारण कुठे तोंड करून असेल, एवढं आधी कळलं तरी पुरतं. गरज किती, हे आधी ठरवलं म्हणून यंत्र इतकं साधं झालं.

अँटेनाचंही तसंच. अशा उपग्रहांना बहुधा हौशी रेडिओच्या 435 ते 438 मेगाहर्ट्झ पट्ट्यात जागा मिळते. तिथे लहरीची लांबी सुमारे 69 सेंटीमीटर, आणि तिच्या चौथाईची अँटेना 17 सेंटीमीटरची. डबा दहाचा. म्हणजे ती गुंडाळून, बांधून न्यायची आणि वर गेल्यावर आपोआप सुटली पाहिजे. सुटली नाही, तर बाकी सगळं उत्तम चालत असूनही उपग्रह मुका. तिथे कोणी जाऊन धक्का देणार नसतो, म्हणून ती एकच हालचाल जमिनीवर पुन्हा पुन्हा करून पाहायची. हादऱ्यांच्या टेबलावर आणि निर्वात कक्षातल्या थंडी-उष्म्यातही अख्ख्या डब्याची परीक्षा होते.

मात्र या आठ वर्षांतली सगळ्यात अवघड जोडणी धातूची किंवा तारांची नव्हती. पदवी चार वर्षांची. मुलगा पहिली दोन वर्षं शिकून तयार होतो, तिसऱ्या वर्षी खरं काम करतो, चौथ्या वर्षी प्लेसमेंट आणि मग निरोप. उपग्रह तिथेच. अशा प्रकल्पात एखाद्या सीनियरने सर्किटमधला एक रेझिस्टर बदलला आणि का बदलला ते लिहिलं नाही, तर दोन वर्षांनी ज्युनियर तो ‘दुरुस्त’ करतो आणि जुनी चूक परत येते. त्यामुळे आकृतीबरोबर कारण लिहावं लागतं, नाकारलेले पर्यायही. अवकाशसंस्थांमध्ये ही शिस्त पगारी माणसं पाळतात. इथे ती सबमिशन आणि परीक्षा सांभाळून विशीतल्या मुलांनी पाळली, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी व इस्रोच्या तज्ज्ञांनी ती वेळोवेळी तपासली.

पीएसएलव्ही-सी34 वर त्या दिवशी एकूण 20 उपग्रह होते; मुख्य प्रवासी कार्टोसॅट-2 मालिकेतला, आणि चेन्नईचा ‘सत्यभामासॅट’ हा दुसरा विद्यार्थी उपग्रह. तीनच महिन्यांनी, 26 सप्टेंबरला, आयआयटी मुंबईचा दहा किलोंचा ‘प्रथम’ गेला. आयनांबरात इलेक्ट्रॉन किती हे मोजणं त्याचं काम. तिथे एरोस्पेसचा विभाग होता, तरी तो संघही 2007 पासून खपत होता. विभाग असो वा नसो, वेळ सारखाच लागला. तो पिढ्यांमागून पिढ्या शिकवण्यात गेला.

सीओईपी 2022 पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. पुढच्या उपग्रहासाठी संघाने विषय घेतला तो सौरशिडाचा: सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रह ढकलायचा. आरशासारख्या चौरस मीटर पृष्ठभागावर हा दाब एका न्यूटनच्या एक लक्षांशाहूनही कमी. पुन्हा इंधन नाही, पुन्हा निसर्गातलंच बळ, आणि पुन्हा जे उड्डाण पाहायला कॉलेजात नसतील अशांनीही काम करायचं. अवकाश अभियांत्रिकी शिकायला कुठे जावं, असं बारावीची मुलं विचारतात, तेव्हा विभागाच्या पाटीबरोबर एक चौकशी जरूर करावी: तिथली मुलं आपलं अर्धवट काम पुढच्यांच्या हाती कशी देतात?