मक्यावरील लष्करी अळीची ओळख

मक्याच्या शेतात अळी दिसली की फवारणीचा पंप खांद्यावर घेणे, ही आपली नेहमीची रीत आहे. परंतु अळी कोणती, याचा निर्णय त्याआधी झाला पाहिजे. मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आणि २०१८ साली भारतात, प्रथम कर्नाटकात, आढळली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही येऊन पोचली.

हिचा पतंग रात्री उडतो. नराच्या करड्या-तपकिरी पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका असतो. मादी मात्र इतकी साधी दिसते की तिच्यावरून ओळख पटविणे कठीणच. खरी खूण अळीच्या अंगावर असते. तिच्या गडद डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. अगदी लहान अळीत या खुणा अस्पष्ट असतात. ती थोडी वाढली की दोन्ही एकत्र पाहाव्यात. केवळ रंगावर विसंबू नये, कारण अळी हिरवी, तपकिरी किंवा काळपट, कशीही असू शकते.

अळी हाती लागण्यापूर्वी पीकच तिची वर्दी देते. मादी पानावर शे-दीडशे अंडी पुंजक्याने घालते व त्यांवर करड्या केसांचे आवरण चढविते. बाहेर पडलेल्या लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात. मागे पातळ पांढुरका पापुद्रा उरतो. पुढे त्या पोंग्यात शिरतात. मग उलगडणाऱ्या पानांवर ओळीने छिद्रे दिसतात व पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचते.

येथेच वेळेचे महत्त्व आहे. पोंग्यात दडलेल्या मोठ्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, कारण विष्ठेचे बूच तिचे रक्षण करते. आणि पिकाचा सर्वाधिक फडशा पाडते तीच. म्हणून उगवणीपासूनच आठवड्यातून दोनदा शेतात फिरावे, पाने उलटून पाहावीत आणि अंडीपुंज दिसताच चुरडून टाकावेत. कामगंध सापळ्यात नर सापडू लागले की पाहणी अधिक वाढवावी. फवारणी करावीच लागली, तर ती अळी लहान असताना, पोंग्यात पडेल अशी करावी.

नुकसानीचा पंचनामा पुढे केव्हाही होतो. पण गेलेला पोंगा त्या कागदाने परत येत नाही.