गंजिफ्याचा डाव आणि नियमांचा घोळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत भंडाऱ्यास आमच्या ओसरीवर दोन नातवांत चांगलेच वाजले. कारण होते राक्षस, मांत्रिक आणि उडते सर्प यांच्या चित्रांचे विकतचे पत्ते. धाकटा म्हणे, "माझ्या पत्त्यावर लिहिले आहे तेच खरे!" थोरला म्हणे, "नियमांत तसे नाही!" शेवटी दोघेही न्याय मागावयास मजकडे आले.

असल्या खेळांचा आरंभ 1993 साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने 'मॅजिक' या खेळाने केला. त्यातील मुख्य तत्त्व असे की, पत्त्यावरील वचन व सामान्य नियम यांत विरोध आला तर पत्त्याचे वचन मानावे. आणि एक वचन अनुज्ञा देते व दुसरे निषेध करते, तेथे निषेध बलवान समजावा. व्याकरण शिकलेल्यास यात नवल वाटणार नाही. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम; त्यास अपवाद बाधतो, हे पाणिनीच्या परंपरेत आपण शिकतच आलो आहोत.

मुलांची समजूत पटावी म्हणून मी कपाटातील सावंतवाडीची दशावतारी गंजिफा काढली. वाटोळे, लाखेचा लेप दिलेले 120 पत्ते. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा पत्ते. खेळणारे तिघे, प्रत्येकास चाळीस पत्ते. हा खेळ घोटाळ्याचा आहे असे पुष्कळांस वाटते. परंतु घोटाळ्याच्या जागा मुख्यतः तीनच आहेत.

पहिली जागा पत्त्यांच्या थोरवीची. राजा व प्रधान दहाही रंगांत श्रेष्ठ, हा उत्सर्ग. पुढे मात्र पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी, मग नव्वी, असे उतरत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी सर्वांत हलकी. आठ रंगांच्या, 96 पत्त्यांच्या मोगली गंजिफ्यातही चार रंग सुलटे व चार उलटे असतात. तेव्हा सुलटे कोणते व उलटे कोणते, हे वडीलधाऱ्याने पत्ते वाटण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. निम्मे तंटे तेथेच मिटतात.

दुसरी जागा आरंभाची. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याची. दिवेलागणीस खेळ चालू असेल तर वाद नको. डाव मांडला तेव्हाची वेळ धरावी आणि हेही आधीच ठरवावे.

तिसरी जागा 'हुकूम' या शब्दाची. बावन्न पत्त्यांच्या खेळात हुकुमाने परका रंग कापता येतो. गंजिफ्यात तसा कापणारा रंगच नाही. एखाद्या रंगात ज्याहून थोर पत्ता कोणाच्याही हाती उरला नाही, तो त्या रंगाचा हुकूम. राजा व प्रधान गेले की सुलट्या रंगात दश्शी हुकूम होते, उलट्या रंगात एक्का. म्हणून गेलेला प्रत्येक पत्ता ध्यानात ठेवावा लागतो. खेळाची सारी गोडी या स्मरणात आहे.

सावंतवाडीच्या राजघराण्याने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात ही मावळती कला सावरली आणि 2024 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि कला वाचली म्हणजे खेळ वाचला असे नव्हे. पत्ते काचेआड सुरक्षित राहतात. नियम मात्र माणसांच्या तोंडी असतात, आणि ती माणसे गेली की पत्त्यांची नुसती चित्रे होतात. आमच्या घरची गंजिफाही कित्येक वर्षे चित्रेच होऊन बसली होती, हे सांगताना मला संकोच वाटतो.

त्या दुपारी दोघांनी आजीला तिसरी गडी करून डाव मांडला. थोरल्याने उलट्या रंगात दश्शी मोठ्या ऐटीने टाकली आणि आजीच्या दुर्रीने तो हात नेला. तो रागाने उठणार, इतक्यात धाकटाच म्हणाला, "दादा, आधी ठरले होते ना?" थोरला मुकाट्याने खाली बसला.