कडक शिस्त आणि कडू जीभ

वर्गात एखाद्या मुलाचे गणित चुकले, तर गुरुजी म्हणतात, “हातचा धरायचा राहिला, पुन्हा कर.” दुसरे गुरुजी म्हणतात, “तुझ्या डोक्यात भुसा भरलाय!” यांपैकी कोणाच्या वर्गात गणित सुधारेल? एका मोठ्या कामाच्या उदाहरणाने पाहू या.

आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाइल ‘लिनक्स’ नावाच्या गाभ्यावर चालतो. यंत्राकडून काम करवून घेणारे हे सॉफ्टवेअर. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली ते सुरू केले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. आज जगभरचे हजारो प्रोग्रॅमर त्यात भर घालतात; काही हौसेने, काही कंपन्यांच्या पगारावर. प्रत्येक दुरुस्ती आधी त्या त्या भागाचा जाणकार तपासतो आणि शेवटी ती टोरवाल्ड्सकडे जाते. एक चूक निसटली, तर असंख्य यंत्रे अडायची. तेव्हा ‘हे चालणार नाही’ असे ठणकावून सांगणारा कोणीतरी हवाच.

टोरवाल्ड्स ते सांगत असे; पण बरोबर शिव्याही देत असे, आणि त्याही चारचौघांत. २०१२ साली एका जुन्या सहकाऱ्याला त्याने असेच झोडपले. मुद्दा रास्त होता: आपल्या बदलामुळे लोकांचे चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत. पण तो मुद्दा शिवीवाचून समजला नसता का?

कोणी म्हणेल, “तरी लिनक्स वाढलंच ना?” वाढले खरे. पण जे दुखावून निघून गेले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार? २०१५ साली एका अनुभवी व्यक्तीने बोलण्याच्या या रीतीमुळेच काम सोडल्याचे उघड सांगितले. शिवाय ज्याला अपमानाची भीती वाटते, तो शंका विचारत नाही आणि चूक झाकून ठेवतो. चूक झाकली गेली, की तपासणीचा हेतूच फसतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ रजा घेतली. त्याच महिन्यात कामासाठी नवी आचारसंहिता आली. ऑक्टोबरमधील आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन या सहकाऱ्याने प्रसिद्ध केली. पुढे टोरवाल्ड्स परतला. नव्या आवृत्त्या नऊ-दहा आठवड्यांनी येतच राहिल्या, आणि सदोष काम आजही परत पाठवले जाते. म्हणजे चाळणी बारीकच राहिली.

तेव्हा सोसायटीच्या सभेत किंवा शाळेत कोणाची चूक दाखवण्याची वेळ आली, तर नेमके काय चुकले ते स्पष्ट सांगावे, पुन्हा करायला लावावे, हवे तर तीनदा. मात्र उद्या तोच माणूस नवे काम घेऊन आपल्याकडे यायला कचरणार नाही, एवढी जागा बोलण्यात ठेवावी.